शेवंडीच्या जागेचं गाऱ्हाणं

“मान खाली घाल,” फोंडूमामा म्हणाला आणि त्याने ओला पंचा माझ्या डोक्यावर टाकला.

हे रोजचंच होतं. धाकटं बेट जवळ आलं, पाण्याचा निळा रंग जाऊन खालच्या खडपांचा, बुडालेल्या खडकांचा, काळपटपणा दिसायला लागला, की मामाचा हात पंचाकडे जायचा. त्यापुढे मी वल्ही मारायची ती आंधळ्यासारखी.

“उजवीकडे घे... थोडां मागे... रव. रव म्हटलां ना!”

मग होडी डुचमळायची, मामा पाण्यात गेल्याचा आवाज यायचा, आणि मी पंचाच्या आत माझ्याच घामाच्या वासात बसून राहायचो. परत पाणी फुटायचं, मामाचा दम लागलेला श्वास ऐकू यायचा, आणि कधी कधी माझ्या पायाशी काहीतरी काटेरी धपकन पडून फडफडायला लागायचं. ती शेवंड. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगतो: कोलंबीची थोरली बहीण समजा, अंगभर काटे, आणि मिशा अशा की एखाद्या फौजदाराला लाज वाटावी. खडपाच्या कपारीत पाठ लावून बसते. तिला जाळ्यात धरणं वेगळं, आणि बुडी मारून हाताने धरणं वेगळं. हाताने धरणारा आमच्या वाडीत एकच होता.

“मामा, मी तुझो सख्खो भाचो,” मी पंचाच्या आतून म्हणायचो. “लग्न झालेलो माणूस. आणि तू माका बैलासारखो झापडां लावतंस.”

“बैल बरो. बैल प्रश्न इचारणा नाय.”

पंचामागचं कारण सगळी वाडी जाणून होती. समुद्रात पाटी लावता येत नाही. जागा लक्षात ठेवायची ती किनारा बघून. देवळाचा कळस आणि त्यामागचा वाकडा माड एका रेषेत आले, आणि दुसरीकडून बंदराचा दिवा नि कावळ्याची खडप एका रेषेत आली, की त्या दोन रेषा जिथे एकमेकींना कापतात ती जागा. एवढं ज्याने पाहिलं त्याला जागा मिळाली. म्हणून मामा मला किनारा दिसू देत नसे. एवढ्या वर्षांत बेटाभोवतीच्या जागा त्याने ना वाडीतल्या बाबली तांडेलाला सांगितल्या, ना मला. आमच्या घरात जाळं नव्हतं. होती ती एक होडी आणि मामाचं फुप्फुस. माझे वडील मी रांगत असताना होडी उलटून गेले होते. तेव्हापासून त्या फुप्फुसावर आई, मी आणि पुढे माझी बायको सुलभा, सगळे जगत होतो.

त्या वर्षी नवरात्रात पावणाईच्या देवळात नीलकंठबुवांचं कीर्तन होतं.

कीर्तन म्हटलं की माझं मन आजही जागेवर राहत नाही. त्या वेळी तर मी बुवांच्या मागे झांजा धरायला उभा असायचो. बुवा कुडाळकडचे, आवाज असा की उंच लावला तरी कानाला टोचायचा नाही. निरूपणात ते आपल्याला हसवत हसवत कुठे नेऊन ठेवायचे आणि डोळे कधी भरायचे हे कळायचं नाही. मामा मात्र कीर्तनाला येऊन खांबाला टेकायचा आणि पूर्वरंगातच घोरायचा. बुवा त्याला ‘आमचे खांबदेव’ म्हणायचे. दसरा झाला, नवरात्र सुटलं की हाच खांबदेव बुवांच्या परतीच्या पिशवीत केळीच्या पानात गुंडाळून दोन-चार शेवंडी ठेवायचा. बुवा सारस्वत, त्यांना ते चालायचं. नुसतं चालायचं नाही, वर्षभर आठवायचं.

त्या संध्याकाळी बुवांनी गजेंद्रमोक्ष लावला होता. हत्ती सरोवरात उतरलाय, मगरीने त्याचा पाय धरलाय. बुवांनी आवाज खाली आणला. मृदंगही नुसता श्वास घ्यावा तसा वाजत होता.

“तो ओढतोय वर, ती ओढतेय खाली. कळप काठावर उभा आहे. बायका-पोरं हाका मारतायत. पण पाण्याखाली जे चाललंय ते काठावरच्याला दिसतं का हो? बाहेर नुसतं पाणी हलताना दिसतं! आणि आता... आता सोंडेचं टोक तेवढं वर उरलंय...”

“सोड!”

देऊळ हादरलं. मामा खांबाजवळ उभा होता. डोळे सताड उघडे.

“सोड तेका! हात सोड! हात!”

मग बुवा मायेने म्हणाले, “मामा, पाय हो. मगरीने पाय धरला होता.” त्यावर सगळं देऊळ हसलं. बाबली तांडेल तर इतका हसला की त्याला ठसका लागला. मामा हसला नाही. कीर्तन संपेपर्यंत तो तसाच उभा राहिला, आरतीला पुढे आला, आणि बुवांच्या पायावर डोकं ठेवून म्हणाला, “माका माळ घाला.”

दुसऱ्या दिवशी मामाच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मासळी बंद. बुडी बंद. जीव घेणं बंद.

वाडीत असा गोंधळ उडाला की विचारू नका. मासळी खाऊन वाढलेला माणूस माळ घालतो ते आम्ही पूर्वी पाहिलं होतं. पण हा माणूस जागा घेऊन गेला होता! सकाळपासून त्याच्या पडवीत रांग लागली. कोणी नारळ घेऊन येई, कोणी गुळाची ढेप. बाबलीने तर स्वतः एक तुळस कुंडीसकट आणून ठेवली.

“फोंडूदादा, तू नको मारू. आमी मारतलंव. तू नुसत्यो जागा सांग.”

“मी जागा सांगलंय तर मारलेली शेवंड कोणाच्या माथ्यार?”

“माझ्या!”

“नाय. जागा दाखवणाऱ्याच्या.”

“आणि तुका म्हायत असान तू बोललंस नाय, आमची पोरां उपाशी रवली, तां कोणाच्या माथ्यार?”

“तां बुवांक इचार,” मामा म्हणाला आणि बाबलीच्याच तुळशीला पाणी घालायला लागला.

मी संध्याकाळी एकटा असताना विचारलं. माझं विचारणं वेगळं होतं. सुलभेचा मुंबईला असलेला भाऊ ट्रॉलरवर होता. त्याचा सांगावा आला होता की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघालास तर जागा आहे, नाहीतर दुसरा माणूस घेतील. ट्रॉलरवर गेलेला माणूस वर्ष-वर्ष घरी येत नाही. सुलभेला सहावा महिना लागला होता. आई गुडघ्यांनी अधू. आणि खरं सांगतो, मला त्या झांजाही सोडवत नव्हत्या.

“मामा, एक जागा. एकच. नायतर माका जावचा लागतला.”

मामाने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता सांगतोच. पण त्याचा हात माळेवर गेला.

“मुंबैक जा,” तो म्हणाला. “ट्रॉलरार रव. वरच रव.”

मी चिडलो. मग मला एक युक्ती सुचली. आज आठवलं तरी मी एकटा बसून हसतो.

दुसऱ्या दिवशी मी सुलभेला होडीत घातलं आणि बेटाकडे निघालो. किनारा उघड्या डोळ्यांनी बघत गेलो खरा, पण बघून मला काही कळेना. कळस दिसत होता, माड दिसत होता, दिवा दिसत होता. सगळं ओळखीचं, पण या बाजूने मी ते कधी पाहिलंच नव्हतं. बेटाच्या जवळचा समुद्र मला पाठ होता तो फक्त पंचाच्या आतून. ऊन आधी उजव्या कानावर पडायचं, मग मानेवर. मग पाणकावळ्यांची कलकल आणि त्यांच्या विष्ठेचा उग्र वास. मग लाटेचा एक आवाज, खडपाच्या पोटात शिरून गुळणी केल्यासारखा. आणि तिथेच कुठेतरी मामा म्हणायचा, रव.

मी पंचा ओला केला आणि डोक्यावर घेतला.

“ह्यां काय?” सुलभा म्हणाली.

“गप. माका जागा शोधूक दी.”

“डोळे बांधून?”

“उघड्या डोळ्यांनी माका सापडाची नाय.”

मी वल्ही मारायला लागलो. ऊन उजव्या कानावर आलं. बरोबर. मानेवर आलं. बरोबर! पाणकावळ्यांचा वास आला. माझा उत्साह वाढला. आता ती गुळणी ऐकू आली की...

“अहो,” सुलभा म्हणाली.

“बोलू नको.”

“अहो, पण...”

“सुलू, आवाज ऐकूक दी माका!”

धाडकन होडी कशावर तरी आपटली आणि मी उताणा पडलो. पंचा काढला तर समोर बाबली तांडेलाची होडी, तिच्यात बाबली, आणि त्याच्या मांडीवर त्याचाच पेजेचा टोप पालथा.

“जयवंता,” बाबली अगदी हळू आवाजात म्हणाला, “डोळे गेले काय रे तुझे?”

“मी मघापासून तांच सांगत होतंय,” सुलभा म्हणाली.

पण बाबली मूर्ख नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं, पंचाकडे पाहिलं, आणि त्याचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवशी बेटाभोवती चार होड्या फिरत होत्या आणि प्रत्येकीत एकेक माणूस डोक्यावर ओला पंचा घेऊन वल्ही मारत होता. दोन होड्या फुटल्या. एकाचा दात पडला. शेवंड कोणालाच मिळाली नाही.

शेवटी मी बुवांकडे गेलो. ते देवळाच्या धर्मशाळेत झोपाळ्यावर बसून पान जुळवत होते. सगळं ऐकून त्यांनी पान खाली ठेवलं.

“म्हणजे मामांनी शेवंड सोडली? कायमची?”

“होय बुवा.”

“म्हणजे आमच्या पिशवीत या वर्षी...”

“काही नाही, बुवा.”

बुवा उठून उभे राहिले. “अरे, मी मगरीची गोष्ट सांगितली! मगर सोडा म्हटलं असतं तर एक वेळ ठीक होतं. शेवंडीचं नाव तरी घेतलं का मी? तू झांजा धरून मागे उभा होतास. घेतलं का?”

“नाही बुवा.”

“मग!” ते येरझाऱ्या घालायला लागले. मग एकदम थांबले, आणि त्यांचा चेहरा कीर्तनात होतो तसा झाला. “पण जयवंता, माणूस माझ्या पायावर रडला रे. माझ्या निरूपणाने पुष्कळ लोक डोळे पुसतात. ते मला दिसतं, आवडतंही. हे तसं नव्हतं. त्या माणसाचं काहीतरी पाण्यात अडकलंय. ते मी सोडवू शकत नाही. आईला विचारा.”

“आईला? ती काय सांगणार?”

“अरे, देवीला म्हणतोय मी! कौल लावा. सांगू का नको, हे मामांनी देवीला विचारावं. तिने हो म्हटलं तर पाप तिच्या पायाशी. माळकरी माणूस देवीच्या शब्दाबाहेर जाईल का?”

मामा तयार झाला. दसऱ्याच्या सकाळी कौल लावायचं ठरलं. आमच्याकडे कौल म्हणजे देवीच्या पाषाणावर डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि कोणती पाकळी आधी पडते ते बघायचं. उजवी पडली तर देवीचा होकार. सगळं सरळ होतं. पण आबा गुरव म्हणाले, “गाऱ्हाणां कोण घालतलो?”

“तुमीच घालतास ना,” मी म्हटलं.

“मी घालतंय. पण देवीक मोघम इचारून चलत नाय. कोण, खंय, कित्याक, सगळां उघड सांगूक व्हया. मागे एकान नुसतां ‘माझां काम होतलां काय’ इचारल्यान. देवीन उजवी दिली. काम झालां. पण शेजाऱ्याचां झालां. कोणत्या जागा सांगूच्यो काय नको, त्यो जागा आधी देवीक सांगूक व्हयत. माका त्यो म्हायत नाय. तेव्हा गाऱ्हाणां फोंडूनच घालूचा. मोठ्या आवाजात. सगळ्यांसमोर.”

म्हणजे जागा सांगायच्या का नाही हे विचारण्यासाठी जागा सांगाव्या लागणार होत्या! हे आबांना कोणी समजावून सांगितलं नाही, कारण समजावण्यात वाडीतल्या एकाही माणसाचा फायदा नव्हता.

दसऱ्याला देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. पलीकडच्या वाडीतले लोकही आले होते. बाबलीने चांगल्या पाठांतराचे तीन पुतणे पुढे बसवले होते. एकाने कळस आणि माड लक्षात ठेवायचे, दुसऱ्याने दिवा आणि खडप, तिसऱ्याने बाकी सगळं. बुवा एका बाजूला हात जोडून. आई खांबाला टेकून बसलेली, मामाच्याच खांबाला. सुलभा तिच्याशेजारी. घरी माझी ट्रंक भरून ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी.

आबांनी पाकळ्या लावल्या. मामा पुढे झाला. आमच्याकडे गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची असते, म्हणजे एकाचं मागणं सगळ्यांचं होतं. लहानपणापासून ती सवय जिभेला लागलेली असते.

“बा देवी पावणाई म्हाराजा!” मामाचा आवाज फाटला.

“व्हय म्हाराजा!”

“आज दसऱ्याच्या दिवशी ह्यो फोंडू तुझ्या पायाकडे उभो रवलो हा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या फोंडूक बेटाभोवतीच्या शेवंडीच्या सगळ्यो जागा म्हायत आसत, असां सगळी वाडी म्हणता, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!!” छप्पर उडायचं बाकी राहिलं. बाबलीचे पुतणे पुढे सरकले.

“तां खोटां हा, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले. आणि मग आपण काय म्हणालो ते एकेकाला कळायला लागलं.

“ह्या फोंडूक एकय जागा म्हायत नाय, म्हाराजा.”

“व्हय... काय?” बाबली उठला. “फोंडूदादा, देवीसमोर खोटां बोलतंस?”

“खाली बस!” आबा ओरडले. “गाऱ्हाण्यात मधी बोलूचा नाय!”

मामा आता देवीकडे बघत होता. त्याचा आवाज खाली आला होता.

“शेवंड काय माड नाय, एका जाग्यार उभी रवाक. आज ह्या कपारीत, फाल्यां त्या कपारीत. मी देवाचां नाव घेतंय, उडी मारतंय, हात घालतंय. नाय गावली तर वर येतंय. परत उडी मारतंय. इतकीच माझी विद्या हा, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” काही जण पुटपुटले.

“एक जागा होती, म्हाराजा. बऱ्याच वर्सांपूर्वी. थंय रोज शेवंड गावायची. ती जागा मी माझ्या भावजीक सांगलंय. माझ्या भैनीच्या घोवाक. कळस दाखवलंय, माड दाखवलंय. तो थंय गेलो, म्हाराजा.”

मी आईकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

“त्या दिवशी शेवंड थंय नव्हती. पण मी सांगलेली जागा! म्हणान तो वर येयना. असतलीच, असतलीच म्हणत आत आत हात घालीत रवलो. खांद्यापर्यंत. हात अडाकलो. मी होडयेत बसान होतंय, म्हाराजा. माका नुसतां पाणी दिसत होतां. मी खाली गेलंय तेव्हा उशीर झालो होतो. मीच तेका सोडवून वर हाडलंय. आणि काठार येवन सगळ्यांक सांगलंय, होडी उपडी झाली.”

मामाने हाताच्या पाठीने तोंड पुसलं.

“तेवापासून मी जागा ठेवलंय नाय. भाचो मोठो झालो, होडयेत बसाक लागलो, तर तेच्या डोक्यार पंचो टाकलंय. किनारो दिसलो तर हेच्या मनात जागा बसात, आणि जागा मनात बसली तर ह्यो थंयच रवात, म्हणान. माझ्याकडे लपवण्यासारखां कायएक नव्हतां. भैनीक मी खोटां सांगलंय, म्हाराजा.”

या वाक्याला कोणी साथ दिली नाही. ना बाबलीने, ना आबांनी, ना मी. मामा वाट बघत उभा राहिला. गाऱ्हाण्याचं वाक्य साथीशिवाय देवीपर्यंत पोचत नाही, असं आम्ही मानतो.

“व्हय म्हाराजा,” मागून एकच आवाज आला.

आई खांब धरून उठली होती.

“तेचो हात मी धुतलेलो, फोंडू,” ती म्हणाली. “खांद्यापर्यंत सोलवटलेलो. होडी उपडी झाल्यार हात असो सोलवटता काय? माका त्याच दिवशी कळलां.”

मामा वळला. “मगे बोलाक नाय तां, गो आक्का?”

“तू जागा सांगूचां सोडलंस. मी इचारूचां सोडलंय. आणखी काय बोलूचा होता?” मग तिने पदराने नाक पुसलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “आता देवीक ताटकळत ठेवू नको. इचार काय तां.”

मामाने पुन्हा हात जोडले. “ह्या पोराक देवक माझ्याकडे जागा नाय, म्हाराजा. तेणी बेटार बुडी मारूची असात तर उजवी दी. मुंबैक जावचा असात तर डावी दी.”

“व्हय म्हाराजा!” सगळं देऊळ एका घशाने म्हणालं. मीही म्हणालो.

आम्ही पाकळ्यांकडे बघत राहिलो. उजवी हलली. सुलभेने माझा हात धरला. डावी हलली. आणि दोन्ही पाकळ्या एकदम, एका क्षणाला, खाली पडल्या.

आबा गुरवांनी आपल्या आयुष्यात असं पाहिलं नव्हतं. ते आधी पाकळ्यांकडे, मग देवीकडे, मग छपराकडे बघायला लागले.

“वारो,” कोणीतरी म्हणालं.

“वारो खंय हा? समई बघ, हलणा नाय.”

“म्हणजे अर्धो मुंबैक जावंदे, अर्धो हंय रवांदे,” बाबली म्हणाला. आज त्याच्या बोलण्याला धार नव्हती. तो डोळे पुसत होता.

“परत लावा,” बुवा म्हणाले.

“देवीक परत इचारतत?” आबा त्यांच्यावर कडाडले. “तुमच्या कीर्तनात कोणी म्हटलां, परत सांगा, माका आयकाक येवक नाय, तर चलात?”

“हो, चालतं की,” बुवा म्हणाले. “उलट बरं वाटतं.”

“दोन पाकळ्यो पडल्यो म्हणजे दोन माणसां,” आई मध्येच म्हणाली. “माझो झील, माझो जयवंत मुंबैक जायचो नाय. बेटार जातलो. पण एकटो नाय. एक पाण्यात, एक होडयेत. देवीन दोगांकय पाठवल्यान हा. येवढां कळणा नाय तुमका?”

“आक्का, माझ्या गळ्यात माळ हा!”

आईने बुवांकडे पाहिलं. अख्ख्या वाडीने बुवांकडे पाहिलं. बुवांच्या मनात त्या वेळी परतीची पिशवी होती की नाही, हे पावणाईलाच ठाऊक. पण ते जे बोलले ते मनापासून बोलले, याची मी शपथ घेईन.

“मामा, होडीत बसून नाम घेणं कुठल्या शास्त्रात पाप आहे? भाचा काय करतो ते भाचा बघेल, देव बघेल. तुम्ही नाम घ्या. होडीच्या लाकडावर ताल धरा, पाण्याखाली त्याला ऐकू जाईल. आधी सावकाश. मग लय वाढवा. जलद लागली की त्याने असेल तिथून, असेल तसं वर यायचं. आमच्याकडे जलद लागली की कीर्तन आवरतं घ्यायचं असतं. तोही झांजवाला आहे. लय सोडणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. सुलभेने ट्रंकेतले कपडे काढून परत दांडीवर टाकले होते. आई तिच्या दुखऱ्या गुडघ्यांनी पुळणीपर्यंत आली होती. सगळी वाडी काठावर उभी होती, आणि बाबली तांडेल आपल्या होडीतून थोडं अंतर राखून मागे येत होता, नुसता बघायला.

त्या दिवशी शेवंड मिळाली. कितव्या बुडीला ते मला आठवत नाही. केवढी होती, तिची मिशी मुठीत आल्यावर कसं वाटलं, हे लोक मला अजून विचारतात आणि मी सांगतो. बुवांची पिशवीही रिकामी गेली नाही. पण मला आठवते ती पहिली बुडी.

“मारू काय?” मी विचारलं.

“माका काय इचारतंस? मी नाम घेतंय.” मामाने डोळे मिटले, होडीच्या कडेवर थाप मारली आणि भसाड्या आवाजात रामनाम सुरू केलं. सुरात एकही अक्षर नव्हतं.

मी उडी मारली. पाणी थंड होतं, हिरवं होतं. खाली खडपं एकमेकांवर रेलून बसलेली. आणि थाप ऐकू येत होती! लाकडातून पाण्यात, पाण्यातून माझ्या छातीत. धप्... धप्... धप्. विलंबित. समोर एक कपार होती. मी हात घातला. गोणपाट गुंडाळलेल्या बोटांना काहीतरी बारीक, लवचिक लागलं. मिशी! ती मागे सरली. मी कोपरापर्यंत हात घातला. ती आणखी मागे सरली. वीतभर फक्त. खांदा वळवला असता तर पोचलो असतो. तिथे ती होतीच, मला माहीत होतं. मी खांदा वळवायला लागलो.

थाप जलद झाली. धप्धप् धप्धप् धप्धप्धप्.

मी हात काढला आणि वर निघालो.

डोकं पाण्याबाहेर आलं तेव्हा मामा होडीच्या कडेवर दोन्ही हातांनी बडवत होता, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, डोळे उघडे. त्याने माझे दोन्ही हात पाहिले. रिकामे. मला लाज वाटली. मी काही बोलणार, तेवढ्यात मामा होडीत उभा राहिला. होडी कलंडायची ती वाचली. तो काठाकडे तोंड करून, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा, आनंदाने ओरडला,

“रिकामो इलो! आक्का, गो आक्का! तुझो झील रिकामो इलो!”